वकीलसाहेबांचा रेडिएटर

१९८६ सालच्या जानेवारीत, धानाचे चुरणे, म्हणजे मळणी, संपत आले होते तेव्हा, एका दुपारी सिंदेवाहीच्या बस स्टँडसमोर एक लाल गाडी तोंडातून वाफ सोडत येऊन थांबली.

अशी गाडी आमच्या गावाने पाहिलेली नव्हती. उंची माणसाच्या कमरेएवढी, जागा दोघांपुरती, डोक्यावर छप्पर नाही. विलायती स्पोर्ट्स कार होती ती, तीसेक वर्षांपूर्वीची. बस सोडून प्रवासी तिच्याभोवती जमले. चहाच्या टपरीवाल्या देवाजीने वाकून आत पाहिले आणि विचारले, "साहेब, हे बसून चालवाची गाडी हाये का निजून?"

गाडीतले गृहस्थ हसले. नागपूरचे वकील वैरागडे. कामठीच्या छावणीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांनी ती गाडी घेतली होती आणि मुलाबाळांइतकी जपली होती. गडचिरोलीला भावाकडे निघाले होते. वाटेत इंजीन तापू लागले, आणि आता गाडीखाली पाण्याचे थारोळे साचत होते.

स्टँडसमोरच श्रावण मेश्रामचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे सागाचे चार खांब, वर टिना, आणि समोर निळ्या अक्षरांची पाटी: मेश्राम मोटर दुरुस्ती. पाटीवर मोटर होती, पण येत सायकली, डिझेल पंप आणि क्वचित एखादा ट्रॅक्टर. ट्रकवाले इथे चहा प्यायचे आणि दुरुस्तीला पुढे मूल गावाला जायचे. श्रावण माझ्या हाताखालून चौथी शिकून गेलेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि गॅरेजच्या मागच्या गल्लीत राहत होतो. शाळा सुटली की बऱ्याचदा त्याच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. त्या दिवशीही बसलो होतो, म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले.

श्रावणने बॉनेट उघडले, खाली निजून पाहिले, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "रेडिएटर गळून राह्यला, साहेब."

"म्हणजे बदलावा लागणार," वकीलसाहेब म्हणाले. "मुंबईला एक जण विलायतेहून भाग मागवून देतो. तीन-चार महिने लागतील. तोवर गाडी ट्रकवर घालून नागपूरला न्यावी लागेल."

"बदलाचा काऊन? टाका मारून देतो ना मी."

"अहो, एकदा गळायला लागलेली वस्तू सांधली तरी पुन्हा गळते. माणसाचंही तेच, रेडिएटरचंही तेच."

"माणसाचं मले माहीत नाई, साहेब," श्रावण म्हणाला. "पण हे पितळ हाये. पितळ सांधल्या जाते. नवा आणसान त थो नवा राहीन, पण या गाडीचा नाई राहाचा."

ते शेवटचे वाक्य वकीलसाहेबांना पटले असावे, कारण गाडीतला प्रत्येक भाग तिच्यासोबतच आलेला आहे याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि श्रावणच्या हातावर ठेवली. नाव विचारले नाही, गावात कोणाला त्याच्याबद्दल विचारले नाही. गडचिरोलीची बस लागली होती. बसमध्ये चढता चढता म्हणाले, "सोमवारी येतो. तोवर गाडीतले सगळे भाग गाडीतच असू द्या, म्हणजे झालं."

लोक हसले. गॅरेजवाले चांगला भाग काढून जुना बसवतात, ही गोष्ट सगळ्यांनाच ऐकून माहीत असते.

श्रावण मात्र हसला नाही. "एक नट कमी दिसला त माही पाटी उतरवून टाकतो, साहेब," तो म्हणाला.

बस गेल्यावर तो किल्ली मुठीत धरून उभा होता. मी म्हटले, "अरे, खिशात ठेव. पळून नाही जात ती."

"गुरुजी," तो हळू म्हणाला, "एवढी मोठी गाडी आजपर्यंत कोणी मले देऊन गेलं नाई."

दुसऱ्या दिवशी मी चौथीचा वर्ग गॅरेजवर नेला. रेडिएटर काढून ठेवला होता. वर एक पितळी टाकी, खाली एक पितळी टाकी, मध्ये बारीक नळ्यांची जाळी. मी मुलांना सांगितले: इंजीन तापते, म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवतात. तापलेले पाणी वरच्या टाकीत येते, नळ्यांतून खाली उतरते, उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या टाकीतून परत इंजिनात जाते. आपल्या घरी माठ पाणी निववतो, तसा हा गाडीच्या नाकाशी बांधलेला माठ.

मग श्रावणने त्याची तोंडे चिंध्यांनी बंद केली, एका तोंडाला सायकलचा पंप जोडला आणि अख्खा रेडिएटर बैलांच्या पाण्याच्या डोणीत बुडवला. पंप मारताच खालच्या टाकीच्या सांध्यातून बुडबुडे निघू लागले. मुले डोणीवर ओणवी झाली. मंगली नावाची मुलगी म्हणाली, "गुरुजी, थो श्वास घेऊन राह्यला."

"घेऊन नाई, सोडून राह्यला," श्रावण म्हणाला, आणि त्या जागेवर खिळ्याने खूण केली. सांधा एका बाजूने उसवला होता, बाकी सगळे धड होते. काम अवघड नव्हते. फक्त सांधा भरायला चांगले कथील आणि ते वितळवायला जाड डागणी हवी होती. ती चंद्रपूरला मिळणार होती.

गॅरेजला दार नव्हते, आणि पितळ उघड्यावर ठेवायचे नसते. म्हणून संध्याकाळी त्याने रेडिएटर पोत्यात गुंडाळला, घरी नेला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याच्या गुंडाशेजारी ठेवला आणि पहाटेच्या पहिल्या बसने चंद्रपूरला गेला. बायकोला, कांताला, काही सांगितले नाही. श्रावण घरात फार कमी बोलायचा. इंजिनाशी बोलून बोलून त्याचे शब्द संपत असावेत.

आता त्या गुंडाविषयी सांगायला हवे. गुंड म्हणजे आमच्याकडे विहिरीवरून पाणी आणायचे पितळी भांडे, पोटाने गोल, गळ्याने आवळलेले. कांताचा गुंड बुडाशी गळत होता. रानातली लाख तापवून ती भोकावर थापायची. चार दिवस टिकायची, मग निघायची. विहिरीवरून डोक्यावर गुंड घेऊन ती येई तेव्हा तिचा खांदा आणि पाठ भिजलेली असे. त्यांचे घर माझ्या घरासमोरच होते, मी दारातून रोज बघत होतो. एकदा मी श्रावणला म्हटलेही, "अरे मिस्त्री, गावभरच्या मोटरी सुकवतोस, आणि घरच्या बाईला भिजवतोस." तो ओशाळून म्हणाला होता, "देतो, गुरुजी, टाका मारून."

असे म्हणता म्हणता दोन वर्षे गेली. मागच्या दिवाळीत त्याने कांताला सांगितले होते, "त्याले टाका माराचा अर्थच नाई आता. मी गॅरेजातलं पितळ आणून ठेवतो एखाद्या दिवशी. मोडीत दे आणि नवा घे."

मोड म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. फुटके भांडे कोणी फेकत नाही. बाजाराच्या दिवशी कासार येतो, आमच्याकडे नवरगावचा लटारू, जुने पितळ तोलून घेतो, त्याच्या हिशेबाने नवे भांडे देतो. जुने पितळ पुन्हा भट्टीत जाते आणि कोणाच्या तरी घरी नवे होऊन जाते.

श्रावण चंद्रपूरला गेला, तो दिवस नेमका बाजाराचा होता.

संध्याकाळी तो परतला तेव्हा मी माझ्या दारातच होतो. त्याने पिशवीतून कथिलाची कांडी काढून मला दाखवली. "पाहा गुरुजी, कशी चमकून राह्यली. उद्या टाका, परवा गाडी खडी." मी बघायला म्हणून त्याच्यासोबत त्याच्या घरात गेलो.

कांता त्याची वाटच पाहत असावी. तिने केस विंचरले होते, आणि चुलीवर चहा होता. कोपऱ्यात तिवईवर नवा कोरा गुंड होता, दिव्याच्या उजेडात सोन्यासारखा दिसत होता. तिने तो उचलून श्रावणसमोर आणला आणि गळ्याखालची ठिपक्यांची अक्षरे दाखवली. भांड्यावर छिन्नीने नाव टोचून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे.

"सौ. कांता श्रावण मेश्राम, सिंदेवाही," तिने वाचून दाखवले. "लटारूभाऊ म्हणे, नुसतं कांता लिहू का? मी म्हटलं, नाई, यायचं नाव पायजे, नवऱ्याचं."

श्रावणने गुंडाकडे पाहिले. मग कोपऱ्याकडे पाहिले. कोपऱ्यात पोते होते, घडी करून ठेवलेले.

"हे कुठून आणलं?" त्याने विचारले.

"कुठून म्हणजे? तुमीच त मोड आणून ठेवली. मी आपला जुना गुंड आणि थे तुमचं, दोनी देलं. लटारूभाऊ म्हणे, मिस्त्रीच्या घरचं पितळ, वजनाले पक्कं हाये."

श्रावण उंबऱ्यावर बसला. कथिलाची कांडी त्याच्या हातातून जमिनीवर घरंगळली आणि चुलीपाशी जाऊन थांबली. ती कोणी उचलली नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर वकीलसाहेबही आले नाहीत, गाडीही आली नाही. डोणीतले बुडबुडे आले, आणि त्यावर वाकलेली पोरे.

"काऊन, काय झालं?" कांता म्हणाली.

"थो गाडीचा रेडिएटर होता," श्रावण म्हणाला.

"कोणत्या गाडीचा?"

"लाल गाडीचा. वकीलसाहेबाच्या."

कांताने गुंड जमिनीवर ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून काळजी घेतली, जणू घरात कोणी आजारी आहे.

"मले का ठाऊक," ती म्हणाली. "काळीकाळी जाळी होती, आजूबाजूले पितळ. ट्रॅक्टरची मोड असन, असं वाटलं. सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

"काय इचारू? गुंडाच्याच बाजूले ठेवलं तुमी." मग ती गुंडाकडे बघत म्हणाली, "दोन वर्सं झाले. मले वाटलं, यायले आठवलं."

श्रावणने पाणी मागितले. तिने नव्या गुंडातले पाणी लोट्यात ओतून दिले. त्याने लोटा तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

दोघांचाही धक्का मला दिसत होता, आणि दोन्ही धक्के वेगळे होते. त्याच्या हातून वकिलाच्या गाडीचा भाग गेला होता, तोही वकील म्हणजे कोर्टातला माणूस. सोमवारी तो येणार, आणि त्याने हसत म्हटलेले वाक्य खरे झालेले दिसणार. चोरी नव्हे हे सांगून कोणाला पटणार होते? आणि तिला कळले होते की ते पोते तिच्यासाठी आणलेले नव्हतेच.

चहा चुलीवर आटून गेला.

सकाळी आम्ही पहिल्या बसने नवरगावला निघालो. लटारू कासाराची भट्टी तिथे होती. श्रावण म्हणाला, मी जाऊन येतो. कांता म्हणाली, "मीनं देलं, मीच घेऊन येतो." नवा गुंड तिने फडक्यात बांधून कडेवर घेतला. लटारूभाऊने भट्टी अजून पेटवली नसेल, गुंड परत देऊ आणि रेडिएटर परत घेऊ, असे तिघांच्याही मनात होते. बसमध्ये श्रावण एकदाच बोलला. "कासार बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आराम करतेत, नाई का गुरुजी?"

मी म्हटले, "करत असतील."

बसमधून उतरलो तेव्हाच गल्लीच्या टोकाला धूर दिसला.

लटारू कासार अंगणात भात्यापाशी बसला होता. साठीचा माणूस, भुवया जळलेल्या, जीभ तिखट. आम्हाला पाहून म्हणाला, "काय बाई, एका दिवसातच पोचा पाडला का गुंडाले? नवऱ्याच्या डोक्यात हाणला वाट्टे."

"लटारूभाऊ, काल मीनं थे जाळीवालं देलं होतं," कांता म्हणाली, "थे कुठी हाये?"

त्याने सांडशीने भट्टीकडे दाखवले. निखाऱ्यांच्या मध्ये मातीची मूस होती आणि मुशीत काहीतरी पिवळे-पांढरे उकळत होते, सूर्यासारखे, ज्याकडे नीट पाहता येत नाही असे.

"थे पाहा," लटारू म्हणाला.

भाता थांबला. लटारूने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "अबे, काय झालं? मिस्त्रीच्या घरून आला म्हणजे मोडीचाच असन ना. ट्रॅक्टरचे असेच येतेत माह्याकडे."

श्रावणने त्याला सगळे सांगितले. ऐकता ऐकता लटारूचा चेहरा उतरला. त्याने सांडशी खाली ठेवली, उठला आणि भिंतीपाशी गेला. तिथल्या ढिगातून त्याने काळी जाळी ओढून काढली. "हे नाई टाकलं मी. याले कथील-शिसं लागलं असते. मुशीत गेलं का अख्खा घाणा खराब होते, भांडं तडकते. टाक्या तापवून सोडवल्या, थ्या गेल्या. तोंडं होती, पाणी भराचं न दोन नळ्याइचे, थेबी टाका मारून बसवलेले, थे निघाले न हे इथी पडले."

श्रावणने जाळी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि तिच्यातून पाहिले. एकही नळी वाकली नव्हती. जाळीच्या वर आणि खाली टाक्यांचे पितळी काठ अजून चिकटलेले होते. पण टाक्याच नव्हत्या. दोन्ही बाजूंनी उघडी, दारे काढून नेलेल्या घरासारखी.

"एक काम कर," लटारू म्हणाला. "सांग का चोरी झाली. गॅरेजले दार नाई, साऱ्या गावाले ठाऊक हाये."

"कोणाचं नाव सांगू?"

"नाव काऊन सांगाचं? चोराचं नाव कोणाले माहीत असते?"

श्रावणने जाळी खाली ठेवली. "पोलीस येतीन, भाऊ. थे नाव शोधतीन. बस स्टँडवर रातभर कोण निजते? थो हमाल. थो सापडन त्यायले."

मी शिक्षक आहे. अशा वेळी काहीतरी सांगावे असे लोकांना वाटते. लटारूने माझ्याकडे पाहिलेही. मुलांना मी नेहमी म्हणतो, आधी काय उरले आहे ते मोजा. इथे उरली होती एक जाळी, तीन तोंडे आणि एक दिवस.

कांता तोवर बाजूला उभी होती. तिने फडके सोडले आणि गुंड लटारूसमोर जमिनीवर ठेवला.

"भाऊ, याचं पत्तर होते का?"

लटारूला कळले नाही. "कशाचं?"

"याचं. कापून, ठोकून, पत्तर होते का? तेवढी मोठी टाकी बनन का?"

"बनन," लटारू म्हणाला. "पण बाई, कोरं भांडं हाये. त्यात अजून चार खेपा पाणीबी आलं नाई. नाव टोचलं हाये तुह्यं."

"होऊ द्या."

"कोऱ्या भांड्याले कासार कात्री लावत नाई," लटारू म्हणाला, आणि त्याने खरेच हात मागे घेतले. त्याच्या बापाने त्याला तसे शिकवले होते. फुटलेले भांडे मोडावे, नवे मोडू नये.

मग कात्री श्रावणने घेतली. लटारूने गुंडाला आधी हात लावून कपाळाला लावला आणि मान वळवली. पितळ कापतानाचा तो आवाज माझ्या दातांत अजून आहे. कांताने मान वळवली नाही. शेवटपर्यंत पाहत राहिली.

एकदा कापल्यावर मात्र लटारू स्वतः पुढे सरसावला, जणू आता ते फुटके भांडे झाले आणि त्याच्या हक्कात आले. पत्रा तापवायचा, निववायचा, लाकडावर ठेवून ठोकायचा, पुन्हा तापवायचा. मापाला जाळीवरचे काठ होते. श्रावण काठ धरायचा, लटारू ठोकायचा, आणि मध्ये मध्ये दोघांचे भांडण व्हायचे.

"एवढी खोल नोको."

"तू तुह्या मोटरी शिकव, मले पितळ शिकवू नोको."

दुपारनंतर दोन टाक्या तयार झाल्या. वरच्या टाकीच्या पत्र्यावर ठिपक्यांची अक्षरे होती, थोडी पसरलेली. बसवायच्या आधी लटारूने विचारले, "नावाची बाजू आत घालू का बाहेर?"

"आत घाला," कांता म्हणाली. "वकीलसाहेबाले काऊन दिसाले पायजे?"

श्रावणने टाकी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "बाहेर ठेवा," तो म्हणाला. "आत राह्यलं त ठिपक्याच्या खड्ड्याइत कळंक चढन."

कळंक चढला असता हे खरे आहे. पण तेवढ्यासाठीच तो तसे म्हणाला, असे मला वाटले नाही. चंद्रपूरच्या कथिलाने त्याने सांधे भरले, आणि लटारूच्या अंगणातल्या हौदात बुडवून तोंडाने फुंकले. एकही बुडबुडा आला नाही. कोणी आनंद केला नाही. गुंडाचा खालचा अर्धा भाग तसाच उरला होता. कांताने तो फडक्यात बांधून घेतला.

सोमवारी वकीलसाहेब गडचिरोलीच्या बसमधून उतरले, तेव्हा गाडी गॅरेजसमोर उभी होती. देवाजीने त्यांच्यासाठी चहा पाठवला. ते खुशीत होते. "झाला का टाका?" त्यांनी विचारले.

"साहेब, बॉनेट उघडाच्या आधी सांगतो," श्रावण म्हणाला. त्याने सांगितले. काहीही गाळले नाही. मोठ्याने सांगितले, त्यामुळे टपरीवरच्या लोकांनीही ऐकले.

वकीलसाहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी बॉनेट उघडायला लावले. आत, काळ्या इंजिनापुढे, पिवळीधमक टाकी होती. ते वाकले आणि पहिलीतल्या मुलांसारखे एकेक अक्षर लावून वाचू लागले. "सौ... कां... ता..." मग सरळ झाले. चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही माझ्या गाडीचा रेडिएटर मोडीत घातला."

"हो, साहेब."

"आणि पाण्याचा हंडा कापून हा बनवला."

"हो, साहेब."

"मीनं घातला मोडीत," मागून कांता म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळले नव्हते. "यायले काई ठाऊक नव्हतं. काई कराचं असन त मले करा."

वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग श्रावणकडे. हात पुढे केला. श्रावणने किल्ली त्यावर ठेवली. गाडी सुरू झाली आणि नागपूरच्या रस्त्याने गेली. मजुरी विचारायचे त्यांना सुचले नाही आणि श्रावणला मागायचे.

रस्ता रिकामा झाल्यावर श्रावणने गॅरेजमधले स्टूल आणले, पाटीखाली ठेवले आणि वर चढला. त्याने पान्हा लावून पाटीचा पहिला नट सोडवला.

"श्रावण," मी म्हटले.

"बोललो होतो, गुरुजी."

दुसरा नट सोडवला. पाटी एका बाजूने लोंबली. टपरीवर कोणी हसले नाही. कांता स्टूल धरून उभी होती, हलू नये म्हणून.

पाटी पूर्ण निघून श्रावणच्या हातात आली, तेवढ्यात रेल्वे फाटकाच्या दिशेने आवाज आला. लाल गाडी परत येत होती. श्रावणचा चेहरा पाहून मला कळले, त्याला काय वाटले ते. मलाही तेच वाटले: गळला.

वकीलसाहेब उतरले. पँटचे गुडघे धुळीने माखले होते. फाटकापाशी थांबून ते गाडीखाली शिरले असावेत. त्यांनी हात समोर धरून दाखवला. तळवा धुळीने भरलेला, पण कोरडा होता.

"पाटी का काढली?" त्यांनी विचारले.

"नट कमी दिसला त काढीन म्हटलं होतं. इथी त टाक्याच नाईत तुमच्या."

"मूळ टाक्या गेल्या, याचं मला वाईट वाटतंय आणि वाटत राहणार," वकीलसाहेब म्हणाले. "नागपूरला हे कोणाला दाखवायचं, तेही मला कळत नाही. पण हे तुम्ही मला सांगितलं नसतं, अक्षरं आत घातली असती, वरून काळा रंग मारला असता, तर मला जन्मात कळलं नसतं." ते थांबले. मग किल्ली पुढे केली. "पंख्याचा पट्टा किरकिरतोय. बघा. आणि जेवायला इथे कुठे मिळेल?"

श्रावणच्या एका हातात पाटी होती, दुसऱ्यात पान्हा. किल्ली घ्यायला हात नव्हता. कांताने त्याच्या हातातली पाटी काढून घेतली.

"आधी थोडं पाणी द्या, बाई," वकीलसाहेब म्हणाले.

ती घरात जाऊन पाणी घेऊन आली. त्यांनी लोटा संपवला आणि विचारले, "गार आहे. माठातलं का?"

"माठातलंच," कांता म्हणाली, आणि हनुवटीने बॉनेटकडे दाखवले. "गुंड तुमच्या गाडीत हाये."

तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. श्रावण शेवटी हसला, आणि हसतच पट्टा बघायला वाकला.